पाटीवरची सहावी ओळ

१४ जून

चि. धाकटी,

आशीर्वाद. फोनवर मी "हं" आणि "बरं" याच्यापुढे जात नाही, तेव्हा काय असेल ते कागदावर लिहून पाठवा, असं तू म्हणालीस. म्हणून लिहितो आहे.

तुझ्या ताईला जाऊन साडेतीन महिने झाले. दुकान रोज नऊला उघडतो. भिंगवाल्या बाई वेळेवर येतात. डोळे तपासणं, काचा घासणं, फ्रेम बसवणं हे सगळं त्या एकट्या करतात. चौदा वर्षं ताईच्या हाताखाली होत्या, रीतसर शिकलेल्या आहेत, कामात कुठे कमी नाही. मी गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाईक येत नाही. परवा एकजण आत आला, पण त्याला शेजारच्या मोबाइलच्या दुकानात जायचं होतं.

ताई गेली म्हणजे दुकानही गेलं, असं लोकांनी धरून टाकलं आहे. गाळ्याचे मालक येऊन गेले. करार सप्टेंबरअखेर संपतो. म्हणाले, "दुकान चालताना दिसलं तर पुढचा करार करू. नाहीतर मोबाइलवाला भिंत पाडायला तयारच बसलाय." मला दुकान सोडायचं नाही. घरी तिची खुर्ची रिकामी असते. दुकानातल्या तिच्या खुर्चीत निदान भिंगवाल्या बाई बसतात.

तू फ्लेक्सच्या कारखान्यात डिझाइन करतेस, म्हणून तुला विचारतो. आमची पाटी उन्हाने पार उडाली आहे. तू ती पाहिलेली आहेस, तरी सांगतो. डोळे तपासायच्या तक्त्यासारखी आहे, अक्षरं खाली खाली बारीक होत जातात. पहिली ओळ हातभर उंच: चष्मे. मग: डोळे तपासून मिळतील. मग: जवळचे व लांबचे. चौथी: इथपर्यंत वाचलंत, शाबास, घरी जा. पाचवी: पुढची ओळ दिसत नसेल तर आत या. आणि सहावी मुंगीएवढी.

पाटी शटरच्या वर आहे. समोरच्या फुटपाथवर, बेकरीपुढे, ताईने पिवळ्या रंगाची दोन पावलं काढून ठेवली आहेत. नवा चष्मा झाला की गिऱ्हाइकाने त्या पावलांवर उभं राहायचं आणि सहावी ओळ वाचायची. वाचता आली तरच चष्मा बरोबर. आणि काय वाचलं ते कुणाला सांगायचं नाही. लोक वाचून हसत परत यायचे आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघायचे.

मी ती ओळ वाचलेली नाही. मला चष्मा नाही.

तर एक चांगला फ्लेक्स करून पाठवशील का? तुझं मागचं पत्र मिळालं. अक्षर फार मोठं काढतेस हल्ली, एका पानात सात ओळी मावल्या.

तुझे भाऊजी

२० जून

भाऊजी,

नमस्कार आणि भांडण दोन्ही एकदमच घ्या.

माझ्या अक्षराला नावं ठेवू नका. मोठ्या मनाची माणसं मोठी अक्षरं काढतात. आणि हो, सुईत दोरा ओवायला मी शेजारणीला बोलावते, पण ते तिला बरं वाटावं म्हणून.

तीन महिने तुम्ही गल्ल्यावर माश्या मारत बसलात आणि मला आत्ता कळवताय? अहो, मी रोज अशा माणसांचे फ्लेक्स छापते ज्यांना त्यांच्या गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही. सख्ख्या बहिणीच्या दुकानाचा करणार नाही?

दहा बाय तीनचा फ्लेक्स पाठवतेय. मध्ये ताईचा फोटो घातलाय, तो आमच्याकडचा, दातांत बडीशेप अडकलेली असताना हसतेय तो. बडीशेप काढली आहे. फोटोभोवती चष्म्याची झकास जाड काळी फ्रेम काढलीय. म्हणजे ताईच दुकान चालवतेय असं वाटेल. खाली फक्त दुकानाचं नाव आणि वेळ. जास्त लिहिलं की कुणी वाचत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते आणि ते रोज ऐकत नाहीत.

जुनी पाटी काढू नका, तिच्यावरच लावा. आणि ती सहावी ओळ काय होती हो? मी तीनदा विचारलं तर म्हणाली, "चष्मा कर, मग वाच." बहीण आहे का वैरीण!

अकरा वर्षं नवऱ्याने बायकोची पाटी वाचली नाही, हे मला तर अचाटच वाटतं. आमचे हे माझ्या पिशवीतली वाण्याची यादीसुद्धा वाचतात.

तुमची धाकटी

५ जुलै

चि. धाकटी,

फ्लेक्स मिळाला. सोमवारी रंगाऱ्याकडून लावून घेतला. छपाई उत्तम आहे. बडीशेप कुठे दिसत नाही.

त्यानंतर जे झालं ते क्रमाने लिहितो.

सोमवारी दुपारी बँकेतले कॅशियर आले. चपला बाहेर काढल्या, फ्लेक्सकडे बघून हात जोडले आणि निघून गेले. मंगळवारी शाळेच्या बाई फुलं घेऊन आल्या. "ठेवू कुठे?" म्हणाल्या. मी काउंटर दाखवला. फुलं बघून आणखी दोघांनी फुलं आणली. बुधवारी एक अनोळखी गृहस्थ भिंगवाल्या बाईंना हळूच म्हणाले, "फारच वाईट झालं. शोकसभा किती वाजता आहे?" बाई म्हणाल्या, "नऊ ते आठ." कारण तेच खाली लिहिलेलं आहे.

चष्म्याची फ्रेम जवळून चष्म्याची दिसते. रस्त्यावरून ती काळी चौकट दिसते. आणि एकच काच काढलीस. दुसरी का नाही काढलीस?

गुरुवारी गाळ्याचे मालक आले. फ्लेक्सखाली एक मिनिट मान खाली घालून उभे राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं मन मला कळतं. सप्टेंबरपर्यंत सावकाश आवरा."

आठवड्यात एकही चष्मा विकला गेला नाही. फुलं चांगली होती.

भाऊजी

११ जुलै

भाऊजी,

पत्र कारखान्यात उघडलं. "नऊ ते आठ" वाचलं आणि इतकी हसले की मालकांना वाटलं मला काहीतरी झालंय, त्यांनी पंखा वाढवला. मग रडले. त्यांनी पंखा बंद केला. बिचाऱ्यांना काय करावं तेच कळेना.

चूक माझी. दुसरी काच काढली असती तर त्यात काय घालायचं हे सुचेना. तुमचा फोटो घालणार होते. बरं झालं नाही घातला, लोकांनी दोघांनाही पोचवलं असतं.

तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवा. गुंडाळून माळ्यावर टाका. टाकू नका खरं तर, मला परत पाठवा, फोटो चांगला आलाय.

आता माझं ऐका. माझा धंदा फ्लेक्सचा आहे, तरी सांगते, त्या दुकानाला जुनीच पाटी पाहिजे. लोक तिच्यासाठी येत होते. रंगाऱ्याला बोलवा आणि होती तशी रंगवून घ्या. पहिल्या पाच ओळी तुम्हाला पाठ आहेत. सहावी ज्यांनी वाचलीय त्यांना विचारा. निम्म्या बाजाराने वाचली असेल. गेलेल्या माणसाचं गुपित किती दिवस सांभाळणार लोक? चहा पाजा, सांगतील.

धाकटी

२ ऑगस्ट

चि. धाकटी,

तू सांगितलंस तसं केलं. माणसं खोटं बोलतात, निदान चहा पिताना तरी, असं आता माझं मत झालं आहे.

कॅशियर म्हणाले, "सहावी ओळ होती: आता सही करण्यापूर्वी वाचत चला." शाळेच्या बाई म्हणाल्या, "छे, छे. होती: आता वर्गात मागच्या बाकावर बसलात तरी चालेल." शिंपी म्हणाला, "अहो, मला नक्की आठवतं. मागे वळून बघा, हा माणूस पावात हवा भरून विकतो." मी म्हटलं, असं लिहिलं होतं? म्हणाला, "मग! आम्ही सगळे वळून बेकरीवाल्याकडे बघायचो ना." बेकरीवाला अकरा वर्षं मला विचारतो आहे की लोक त्याच्या दारात उभे राहून त्याच्याकडे बघून हसतात का. त्याला स्वतःला पाटीतलं दुसऱ्या ओळीच्या खालचं दिसत नाही, आणि चष्मा करायला तो तयार नाही. मी काही सांगितलं नाही.

आणखी चौघांना विचारलं. चार वेगळ्या ओळी मिळाल्या. मी वैतागून रंगाऱ्याला म्हटलं, "तूच रंगवलीस ना पाटी? मग तूच सांग."

तो म्हणाला, "साहेब, मी पाच ओळी रंगवल्या. सहावी बाईंची. दर दीड-दोन महिन्यांनी सकाळी सहाला यायच्या, माझी शिडी न्यायच्या आणि जुनी ओळ पुसून नवी लिहायच्या. बारीक ब्रश पण माझाच. परत द्यायच्या तो धुऊन द्यायच्या, हे मात्र मानलं पाहिजे."

म्हणजे सगळे खरं बोलत होते. मला तर ती सकाळी फिरायला जाते असं सांगायची. कधीकधी बोटाला पांढरं लागलेलं असायचं. मला वाटायचं, नखांना लावतात ते असेल. मी विचारलं नाही.

शेवटची शिडी तिने फेब्रुवारीत नेली. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात. ती ओळ ताजी असल्यामुळे अजून शाबूत आहे, असं रंगारी म्हणतो. त्यालाही ती वाचता येत नाही. म्हणाला, "बाई चष्मा कर, चष्मा कर म्हणायच्या. मी म्हटलं, मी रंगारी माणूस, मला चष्मा कशाला?"

फ्लेक्स उतरवला आहे. गिऱ्हाईक अजून नाही.

भाऊजी

८ ऑगस्ट

भाऊजी,

शिडी रंगाऱ्याकडे आहे. पाटी दहा फुटांवर आहे. ताईची शेवटची ओळ तिथे आहे. आणि तुम्ही खाली बसून मला पत्र लिहिताय!

चढा ना. नाही चढवत तर रंगाऱ्याला दुर्बीण द्या. नाहीतर मी येते आणि तुम्हाला खांद्यावर घेते.

खरं सांगा, घाबरलात ना? तुमच्याबद्दल काही वेडंवाकडं लिहिलेलं असेल म्हणून? लोक वाचून तुमच्याकडे बघायचे, असं तुम्हीच लिहिलंय. अहो, ताईने कुणाला सोडलं? माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना विचारलं होतं, "तुम्ही नेहमीच असं बघता की नंबर वाढलाय?" माझ्या संसाराची पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

आणि हा चष्म्याचा काय हट्ट आहे हो? चष्म्याच्या दुकानाचा मालक पेपर हात लांब करून वाचतो. हात संपले की काय करणार? ताईला मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "त्यांनाच विचार. मी परीक्षा घेतली, ते पास झाले." आणि खो खो हसत सुटली. काय भानगड आहे? करार संपायला पावणेदोन महिने राहिलेत. लपवू नका.

धाकटी

२७ ऑगस्ट

चि. धाकटी,

शिडी लावली नाही. तिचा नियम होता की पावलांवर उभं राहून वाचायचं. नियम तिच्यामागे मोडायचा तर तिच्या समोरच मोडला असता, ते जास्त मजेचं झालं असतं.

तू विचारलंस ती भानगड लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

निवृत्त होऊन गल्ल्यावर बसायच्या आधी मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचो, तुला माहीत आहे. नळांच्या रेषा केसाएवढ्या असतात. अकरा वर्षांपूर्वी त्या मला दोन-दोन दिसायला लागल्या. चष्मा लावून गेलो असतो तर साहेबांनी टेबलावरून उठवून फायलींत बसवलं असतं. एकाला तसं बसवलेलं मी पाहिलं होतं. ताई म्हणाली, "बसा खुर्चीत, तपासते." दर रविवारी दुकान झाडायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तपासायचा तक्ता मला वरपासून खालपर्यंत पाठ झाला होता. मी खुर्चीत बसलो आणि शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला.

ती म्हणाली, "छान. आता वाचा." मी म्हटलं, "वाचला की." तर तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तक्ता तिने आधीच काढून ठेवला होता. भिंतीवर कॅलेंडर होतं.

त्यावर ती हसली आणि मला राग आला. मी म्हणालो, "मला सगळं दिसतं, मला चष्मा नको." हे बोललो आणि मग बोललेलं मागे घेता आलं नाही. तिनेही पुन्हा आग्रह केला नाही. पुढच्याच महिन्यात तिने ही पाटी लावली.

हे सगळं मी मागच्या पंधरवड्यात जुळवलं. दर दोन महिन्यांनी ओळ का बदलायची, याचं दुसरं कारण मला सापडत नाही. बदलणारी ओळ पाठ करता येत नाही. कुणी मला सांगितली तरी ती पुढच्या महिन्यात शिळी होणार. वाचायची तर चष्मा करावाच लागणार. अकरा वर्षं ती माझ्यासाठी शिडी चढत होती आणि सगळा बाजार त्यात चष्मे करून गेला. मी तेवढा राहिलो.

गेल्या मंगळवारी मी भिंगवाल्या बाईंच्या खुर्चीत बसलो. त्यांनी तक्ता उलटा टांगला. ताईने शिकवलं असणार. नंबर निघाला, तो सांगत नाही. "इतक्या वर्षांत तुम्ही गल्ल्यावर कुणाकुणाला किती सुट्टे दिलेत देव जाणे," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी चष्मा झाला. अकरा वाजता रस्ता ओलांडून पावलांवर उभा राहिलो. वाचलं.

बराच वेळ तिथे होतो. बेकरीवाला बाहेर आला. म्हणाला, "तुम्ही पण? काय लिहिलंय माझ्याबद्दल?" मी म्हटलं, "तुमच्याबद्दल नाही." तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

मग शिंप्याने मला चष्म्यात पाहिलं. त्याने कॅशियरना हाक मारली. कॅशियरनी खिडकी बंद करून आणखी दोघांना आणलं. "साहेबांनी चष्मा केला" ही बातमी दुपारपर्यंत बाजाराच्या टोकाला पोचली. लोक मला बघायला आत येऊ लागले. बघायला आलेल्यांतल्या नऊ जणांचे चष्मे जुने झाले होते. दोघांना तर पाचव्या ओळीपर्यंतही दिसत नव्हतं. रंगारीही आला. त्याचा चष्मा काल झाला. पहिल्या पाच ओळी तो आता नव्याने रंगवतो आहे. म्हणतो, "अरे बापरे, मी एवढ्या वाकड्या काढल्या होत्या?"

ओळ काय होती ते पत्रात लिहिणार नाही. नियम आहे. तुझं अक्षर बघता तुलाही वेळ काढून यावंच लागेल.

भाऊजी

१६ सप्टेंबर

भाऊजी,

सुखरूप पोचले. आल्या आल्या सुईत दोरा ओवला. शेजारीण नाराज झाली.

तोंडावर जे बोलले नाही ते लिहिते. तुमच्या भिंगवाल्या बाईंनी मला खुर्चीत बसवलं तेव्हा मी तक्ता बघून पाठ करायला लागले होते. त्या म्हणाल्या, "असू दे, तुमच्या घरात सगळे हेच करतात." मग मी मुकाट्याने वाचला. म्हणजे वाचता आला नाही.

तुमच्यासमोर पाटी वाचायची नव्हती, म्हणून तुम्ही गाळ्याच्या मालकांना नव्या कराराचा कागद दाखवत होतात तेव्हा हळूच रस्ता ओलांडला. मालकांना पहिलं कलम वाचता येत नव्हतं आणि तुम्ही त्यांना खुर्चीकडे नेत होतात, ते मला पावलांवरून स्वच्छ दिसलं.

मग वर बघितलं. ताईची ओळ: "हे सगळ्या बाजाराला दिसतं, माझ्या नवऱ्याला सोडून."

अशी हसले की पिशवी पडली. आणि मग तिच्या खालची दिसली, तिच्याहून बारीक, नळाच्या नकाशासारखी नेटकी. रंगाऱ्याच्या बापालाही तसलं अक्षर काढता आलं नसतं. "दिसलं. तू जिंकलीस. चष्मा नाकाला टोचतो."

सकाळी सहाला चढला होतात ना शिडीवर? तुमच्या अंगठ्याला पांढरं होतं. मी नखांचं विचारलं नाही.

भाऊजी, ताईची ओळ आता खोटी झाली आहे. तरी ती पुसू नका. तुमची हवी तेवढ्या वेळा बदला, पण तिची राहू द्या. आणि नाकाला टोचतो हे साफ खोटं आहे. बाईंनी तीनदा फ्रेम सैल करून दिली, आता ती घसरून मिशीवर येते.

तेवढ्यात बेकरीवाला आला. म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेरगावच्या, तुम्ही तरी खरं सांगा. माझ्याबद्दल काय लिहिलंय?" मी त्याच्याकडे बघितलं, परत पाटीकडे बघितलं आणि तोंडावर पदर घेतला.

माझी बस बाजारावरूनच गेली. खिडकीतून बघते तर तो पिठाचे हात ॲप्रनला पुसत रस्ता ओलांडत होता, तुमच्या दाराकडे.

हे पत्र पोचेपर्यंत त्याचा चष्मा होतच आला असेल. पावलांवर उभा राहील आणि बिचाऱ्याला कळेल की त्याच्याबद्दल एक अक्षरही नाही. एवढी निराशा त्याला या वयात सोसणार नाही. तेव्हा आज संध्याकाळीच रंगाऱ्याकडून शिडी आणा.

तुमची,
चष्मेवाली धाकटी